गॅलरी कुठे गेली?

वाचकांचे प्रश्न, आर्किटेक्टची उत्तरं

प्रश्न : ताई, आमची गिरगावातली वाडी. ४२ बिऱ्हाडं, तळमजला अधिक दोन मजले, १९४० च्या आधीची उपकरप्राप्त (म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणारी) इमारत. मालकांकडून जागा सोसायटीने विकत घेतली आहे आणि बिल्डरकडे न जाता स्वयंपुनर्विकास करायचं ठरलं आहे. आर्किटेक्टने पहिला नकाशा दिला : दोन विंग, सात मजले, उंची २३ मीटर, मजल्यावर चार-चार फ्लॅट, म्हणजे एकूण ५६. त्यातले १४ विकून खर्च भागवायचा. सभेत कार्पेट (घरात वापरायला मिळणारी जागा) किती आणि पार्किंग कुणाला, यावर दोन तास गेले. शेवटी माझ्या सासूबाईंनी नकाशावर बोट ठेवून विचारलं, "गॅलरी कुठे गेली?" सगळे हसले. मला मात्र तो प्रश्न सुटत नाही. नकाशा सोबत पाठवते आहे. तो कसा वाचावा? आर्किटेक्टला काय विचारावं? — समितीची सचिव, गिरगाव

उत्तर : आधी सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. हसणाऱ्यांवर रागवू नका, पण पुढच्या सभेत हाच विषय पहिला घ्या. तुमच्या नकाशात ५६ फ्लॅट आहेत, दोन लिफ्ट आहेत, यांत्रिक पार्किंग आहे आणि ४२ कुटुंबांना एकमेकांशी दोन शब्द बोलायला उभं राहता येईल अशी एकही जागा नाही. लॉबी साडेचार फूट रुंद. तिच्यात चार घरांची दारं, पाचवं लिफ्टचं. तिथे माणूस किल्ली शोधण्यापुरता थांबेल.

मी ठाकूरद्वारजवळच्या चाळीत वाढले. तिथलं सगळं पुन्हा हवं, असं मी म्हणणार नाही. सामाईक संडासापुढची रांग, पहाटे चारला येणारं पाणी, वडिलांना दम्याचा झटका आला की खुर्चीत बसवून दोन जिने उतरवणं, हे कोणी परत देऊ केलं तर मी घेणार नाही. तुमच्या वाडीतल्या बायकाही घेणार नाहीत. पण सगळ्या घरांच्या दारांपुढून जाणाऱ्या सामाईक गॅलरीची गोष्ट वेगळी. ती एकाच वेळी किती कामं करत होती ते बघा. पश्चिमेचं ऊन आणि जुलैतली झड ती खोलीच्या भिंतीपर्यंत पोचू देत नसे, म्हणून भिंत गार आणि कोरडी राहायची. तिच्याकडे उघडणारी खिडकी आणि मागची खिडकी समोरासमोर, म्हणून पंखा बंद असला तरी वारा खेळायचा. शाळेतून येणाऱ्या पोरावर अकरा घरांचे डोळे असायचे. शेंगा सोलणं, पापड वाळवणं, गुडघे दुखणाऱ्या आजीचं फिरणं, भांडण आणि भांडण मिटणं, सगळं त्या चार फुटांत. तुमच्या सासूबाई या सगळ्याबद्दल विचारत होत्या.

ती गेली कुठे, तर हिशेबात. मुंबईत २०१२ साली नियम बदलले. बाल्कनी, फ्लॉवरबेड वगैरे चटईक्षेत्रात (भूखंडावर बांधायला परवानगी असलेल्या एकूण क्षेत्रात) मोजायला सुरुवात झाली आणि त्याबदल्यात ३५ टक्के फंजिबल, म्हणजे हवं तसं वापरता येणारं जादा, क्षेत्र मिळू लागलं. त्यानंतर प्रत्येक फूट खोलीत ओढून घेण्याची जुनी सवय पक्की झाली. सभेतला माणूसही विचारतो, "माझं कार्पेट किती?" दाराबाहेर काय उरलं, हे विचारायची वेळ ताबा मिळाल्यावर येते.

मी स्वतः ही चूक केली आहे. १९९६ साली परळला एका चाळीच्या जागी २६ बिऱ्हाडांची इमारत मी केली. लोकांना जास्तीत जास्त मोठं घर द्यायचं म्हणून मी पॅसेज चार फुटांवर आणला आणि त्याचा मला अभिमान वाटला होता. वर्षभराने संध्याकाळी तिथे गेले, तर दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांमधल्या जिन्यात सात-आठ बायका बसलेल्या. पायऱ्यांवर, ताटात मेथी घेऊन. लिफ्ट सुरू असूनही वर जाणारी माणसं पाय जपत जपत त्यांच्यातून जात होती, थांबून बोलत होती. संपूर्ण इमारतीत त्याच टप्प्यावर पश्चिमेची खिडकी होती आणि वारा होता. घरं देताना बसायची जागा मी दिली नव्हती, ती त्यांनी शोधून काढली. तेव्हापासून राहणाऱ्यांचा दिवस पाहिल्याशिवाय मी पेन्सिल उचलत नाही.

तुम्हीही तेच करा. येत्या रविवारी आणि एका कामाच्या दिवशी, वाडीतल्या तीन-चार कॉलेजच्या मुलामुलींना वही द्या. सकाळी सहा, अकरा, दुपारी चार आणि रात्री नऊ, अशा चार वेळांना वाडीभर फिरून फक्त लिहायचं : कोण कुठे बसलंय, काय करतंय, ऊन कुठे आहे, दार कुणाचं उघडं आहे. दूधवाला कुठे थांबतो, पोरं चेंडू कुठे खेळतात, भय्या इस्त्रीचं टेबल कुठे लावतो, अंत्ययात्रा निघते तेव्हा माणसं कुठे उभी राहतात. शेवटचं विचारायला लोक कचरतात, पण नव्या इमारतींत मी ते हाल पाहिले आहेत. या नोंदी आर्किटेक्टला द्या. चांगला आर्किटेक्ट त्या वहीवर खूश होईल.

आता नकाशा. फूटपट्टी आणि कोनमापक घ्या.

तुमच्या दोन विंगमध्ये ६ मीटर अंतर आहे. इमारत २३ मीटर उंच. खालच्या घराच्या खिडकीतून समोरच्या विंगच्या माथ्याकडे रेष ओढली तर ती जमिनीशी जवळपास ७५ अंशांचा कोन करते. म्हणजे त्या खिडकीला आभाळाची एक फट दिसेल. या शहरात हा कोन शंभर वर्षांपूर्वी मोजला जात होता. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ साली बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी साडेत्रेसष्ट अंशांचा नियम लावून धरला होता. ऐकायला किचकट वाटतो, पण अर्थ सरळ आहे : समोर मोकळी जागा जेवढी, तिच्या दुप्पट उंची, त्याहून जास्त नाही. त्या मापाने तुमच्या ६ मीटरच्या फटीला १२ मीटरची इमारत शोभते. २३ मीटर उंच जायचं तर साडेअकरा मीटर अंतर हवं. आजचे नियम, विशेषतः पुनर्विकासाच्या सवलती, त्याहून कितीतरी कमी अंतर चालवून घेतात. परवानगी मिळेल यात शंका नाही. पण गोवंडीतल्या पुनर्वसन वसाहतींत खेटून उभ्या इमारतींच्या खालच्या मजल्यांवर उजेड-वारा पोचत नाही आणि तिथे क्षयरोग जास्त आढळतो, हे अभ्यासातून पुढे आलेलं आहे. तुमच्या वाडीतली म्हातारी माणसं बहुधा खालचेच मजले मागतील. त्यांना त्या फटीत ठेवू नका.

साडेअकरा मीटर कुठून आणायचे? गिरगावात भूखंड रबरासारखे ताणता येत नाहीत, हे मला ठाऊक आहे. मी आर्किटेक्टला विचारेन : दोन विंग समोरासमोरच का? इंग्रजी एल अक्षरासारखी एकच इमारत होते का? स्वयंपाकघरं आणि मोऱ्या त्या अरुंद बाजूला आणि राहत्या खोल्यांच्या खिडक्या रस्त्याच्या, मागच्या वाडीच्या बाजूला वळवता येतात का? तीन पर्याय काढून मागा. एकच नकाशा पुढे ठेवून "हाच होतो" असं कोणी म्हटलं, तर अजून काम झालेलं नाही असं समजा.

ऊन-पावसाचं थोडं. मुंबईत १५ मेच्या सुमाराला दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, आपण त्याला शून्य सावली दिवस म्हणतो. तेव्हापासून जुलैच्या शेवटापर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडून असतो, म्हणून उत्तरेच्या खिडकीलाही छज्जा लागतो. दक्षिणेचं हिवाळ्यातलं ऊन तिरपं आणि सुखाचं, ते आत येऊ द्या. खरा त्रास पश्चिमेचा. चारनंतरचं ऊन इतकं खालून येतं की छज्ज्याचा उपयोग होत नाही, आणि पावसाची झडही नैर्ऋत्य-पश्चिमेकडूनच येते. त्या बाजूला आडोसा हवा : जाळी, झडपांची खिडकी किंवा गॅलरी. बघा, गॅलरी पुन्हा आली. तुमच्या नकाशात पश्चिमेला बेडरूमच्या सरळ सहा फुटी काचेच्या सरकत्या खिडक्या आहेत, वर दीड फुटाचा छज्जा. दुसऱ्या पावसाळ्यात चौकटीखालच्या भिंतीला ओल येईल आणि प्रत्येक घर आपापला पत्रा ठोकेल.

गॅलरी कशी परत आणायची, त्याचा हिशेब मी मांडला आहे. प्रत्येक विंगमध्ये प्रत्येक मजल्यावर लॉबीला ६० चौरस फूट जागा जास्त द्या, बाहेरच्या भिंतीला लागून, तिथे कठडा आणि पश्चिमेचा वारा. सात मजले, दोन विंग : ८४० चौरस फूट. ४२ बिऱ्हाडांत वाटली तर घरटी २० चौरस फूट. एका डबल पलंगापेक्षा कमी. नियमाने ती जागा मोजली जाते की प्रीमियम (जादा शुल्क) भरून सुटते, हे तुमचे आर्किटेक्ट सांगतील, बांधकामाचा खर्च तर आहेच. पण सभेत प्रश्न असा विचारा : "घरटी २० फूट सोडून मजल्यावर बसायची जागा हवी का?" आकडा समोर असला की माणसं शहाण्यासारखा निर्णय घेतात. दोन्ही बाजूंनी.

ही जागा लिफ्टच्या दारासमोर नको, बाजूला हवी, म्हणजे बसलेल्याला येणारा-जाणारा दिसतो आणि जाणाऱ्याला अडचण होत नाही. दीड फूट उंचीचा दगडी कट्टा भिंतीतूनच काढा. ठेवलेली बाकं सहा महिन्यांत कुणाच्या तरी घरात जातात. स्वयंपाकघराची एक खिडकी या जागेकडे उघडू द्या, पण तिचा उंबरा साडेचार फुटांवर ठेवा : आतली बाई उभी राहून बोलू शकेल, बाहेर बसलेल्याला आतलं ताट दिसणार नाही. झोपायच्या खोलीची खिडकी मात्र तिकडे अजिबात नको. चाळीत खासगीपण नव्हतं, हे दुःखही खरंच होतं.

मोजक्या घरांना मिळून एक जागा, हे माप मला आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांच्या बेलापूरच्या वसाहतीने शिकवलं. १९८० च्या दशकात नवी मुंबईत बांधलेली ती छोटी घरं सात-सातच्या गटात आहेत, मध्ये ८ मीटर लांब-रुंद अंगण. असे तीन गट मिळून पुन्हा एक मोठं अंगण. घरांच्या भिंती सामाईक नाहीत, म्हणून ज्याला जमेल तसं त्याने वाढवावं. अनेकांनी जुनी घरं पाडून मोठी केली आहेत, पण अंगणं आहेत. सात घरांचं अंगण सात घरं झाडतात. छप्पन्न घरांची लॉबी कोणीच झाडत नाही, त्यासाठी माणूस ठेवावा लागतो.

खाली जमिनीवर, पार्किंगच्या आधी, एक चौक आखा. वीस फूट बाय तीस फूट मिळाला तरी पुरे. तुमच्या शेजारी केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासून गणपती बसतो आहे, तो चौक होता म्हणून. तुमच्या वाडीचा गणपती, लग्नाची हळद, आणि ती अंत्ययात्रा, हे सगळं यांत्रिक पार्किंगच्या लोखंडाखाली होणार नाही. टेरेसवर करू, असं कोणी म्हणेल. सत्तरीच्या पुढची माणसं टेरेसवर जात नाहीत.

एक रूक्ष पण महत्त्वाचं : डक्ट. तुमच्या नकाशात पाण्याचे आणि सांडपाण्याचे पाइप अडीच फुटांच्या बंद फटीत आहेत, आत शिरायला दार नाही. गळती झाली की टाइल्स फोडाव्या लागतील आणि वर-खालची घरं वर्षानुवर्षं बोलणार नाहीत. प्रत्येक मजल्यावर माणूस आत जाईल एवढं दार मागा, उभं राहायला जाळीची फळी, आणि वरून कबुतरं येऊ नयेत अशी जाळी. शेजारधर्म टिकवायला याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही.

प्रश्न : ताई, मी वेसावे कोळीवाड्यातली. आमचं बैठं घर पाडून तळमजला आणि वर एक मजला बांधायचा आहे, दोन मुलगे आहेत. ठेकेदार म्हणतो पुढचं अंगणही आत घ्या, तेवढी एक खोली भाड्याने जाईल. सासूबाई तिथे मासळी निवडतात, नवरा जाळी दुरुस्त करतो. मुलगे म्हणतात, आता कोण जाळी विणणार? काय करू?

उत्तर : बाई, अंगण आत घेऊ नका. माझं मत अगदी स्पष्ट आहे. भाड्याच्या खोलीचे पैसे दिसतात, अंगणाचे दिसत नाहीत, म्हणून ते फुकट वाटतं. महिनाभर मोजून बघा : त्या जागेत निवडलेली मासळी, वाळवलेले बोंबील, दुरुस्त झालेली जाळी बाहेर करून घ्यायची तर किती पडेल? १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत बंदीचे दोन महिने होड्या किनाऱ्यावर असतात, तेव्हा जाळ्यांचं काम कुठे होतं? आणि तुमचं अंगण बंद झालं की शेजारचंही होईल, मग तुमच्या दोघींच्या खिडक्या एकमेकींच्या भिंतीत उघडतील. कोळीवाड्यात वारा अंगणांच्या ओळीतूनच आत येतो.

मुलग्यांचं म्हणणंही ऐका. जाळी विणणारे हात कमी होत आहेत, हे खरं. म्हणून अंगण असं करा की उद्या दुसरं काही करता येईल. जिना बाहेरून, अंगणातून वर न्या. वरच्या सुनेची चूल आणि दार वेगळं राहील, आणि कधी वरचा मजला भाड्याने द्यायचा झाला तर खालच्या घरातून कोणाला जावं लागणार नाही. जिन्याखाली नळ आणि मासळी धुवायची कडाप्प्याची जागा, उतार गटाराकडे, घराच्या जोत्याकडे कधीच नाही. वरच्या गच्चीचा अर्धा भाग उघडा ठेवून तिथे बांबूच्या वलांडीला (मासळी वाळत घालायच्या दांड्यांना) खांब रोवून घ्या, म्हणजे बोंबील रस्त्याच्या धुळीपासून वर जातील.

समुद्र एवढा जवळ असताना काँक्रीटमध्ये काटकसर करू नका. खारी हवा आत शिरली की सळई गंजते, फुगते आणि काँक्रीट फोडते. घर १५ वर्षांत म्हातारं होतं ते यामुळे. किनाऱ्यालगत मानकाप्रमाणे एम-३० प्रतीचं काँक्रीट आणि सळईवर किमान ४५ मिलिमीटर आवरण लागतं, थेट तुषार येत असतील तर त्याहून जास्त. ठेकेदाराला हा आकडा कागदावर लिहून द्या, आणि सळई बांधून झाली की स्लॅब ओतण्याआधी मुलाला पट्टी घेऊन उभा करा. वाळू समुद्राची नको. परवानगीसाठी सीआरझेडचा (किनाऱ्यालगतच्या बांधकामावर निर्बंध असलेल्या पट्ट्याचा) भाग आधी तपासून घ्या, पाया खणल्यावर नको.

प्रश्न : आमच्या गावठाणातल्या जुन्या लाकडी घराचा बाहेरचा जिना काढून आत घ्यावा, असा सल्ला मिळाला आहे. घर 'आधुनिक' दिसेल म्हणतात. — वांद्रे

उत्तर : घर पाडत नसाल तर जिना तिथेच राहू द्या. गिरगावात खोताच्या वाडीतली घरं पाहून या : पुढे व्हरांडा, बाहेरून जिना, त्यामुळे आतल्या छोट्या खोल्या मोडत नाहीत आणि वरच्या मजल्याला स्वतःचं दार मिळतं. आत घेतलात तर दोन्ही मजल्यांवरची मिळून निदान शंभर चौरस फूट जागा जाईल आणि खालची खोली अंधारी होईल. पायऱ्या कुजल्या असतील तर तेवढ्या बदला, सागाच्या, आणि वर कौलाची वळचण दोन फूट पुढे काढा. तुमचं घर वारसा यादीत आहे का तेही पाहा. मुंबईची वारसा नियमावली १९९५ पासून आहे, आणि यादीतलं घर असेल तर बदलाआधी परवानगी लागते.

प्रश्न : सोसायटीच्या १२ फुटी मोकळ्या पट्ट्यात एकच झाड लावता येईल. गुलमोहर लावू का? लवकर वाढतो. — मुलुंड

उत्तर : लवकर वाढतो आणि लवकर पडतोही. मूळचा मादागास्करचा, लाकूड ठिसूळ, दर पावसाळ्यात मुंबईत त्याच्या फांद्या गाड्यांवर पडलेल्या दिसतात. बकुळ लावा. सावकाश वाढेल, पण सावली बारा महिने आणि खाली पडलेली फुलं पोरं वेचतील. ताम्हणही चालेल, आपलं राज्यफूल आहे. भिंतीपासून निदान सहा फूट अंतर ठेवा, आणि बुंध्याभोवती एक मीटर माती उघडी राहू द्या. फरशी बसवणारा माणूस ती झाकायला बघेल, त्या दिवशी तुमच्यापैकी कोणीतरी खाली उभं राहा.